झुराकानचे हात

उमसुनाई नारिन गावच्या टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. वय अडतीस. पार्सलांवर शिक्के मारायचे आणि समोर माणूस नसला की जुन्या फॉर्मांच्या पाठीवर चित्रं काढायची. चित्र नेहमी एकाच मुलीचं. झुराकान तिचं नाव, उमसुनाईनंच रचलेल्या गोष्टीतली, एकटीनं घोडे घेऊन खिंड ओलांडणारी. फोनवरच्या चित्रं काढणाऱ्यांच्या गटात ती टाकली की लोक 'छान', 'अप्रतिम' म्हणायचे. पण काहीतरी चुकतंय हे उमसुनाईला दिसत होतं. काय चुकतंय, तेवढं दिसत नव्हतं.

ते सांगणारा माणूस गावातच निघाला. असनकुल. राजधानीत मुलांच्या मासिकासाठी तीस वर्षं चित्रं काढून, बायको गेल्यावर गावी परतलेला म्हातारा. सगळे त्याला गुरुजी या अर्थानं अगाय म्हणत. एकदा तो पार्सल न्यायला आला आणि फॉर्मबरोबर चुकून झुराकानच त्याच्या हातात पडली.

"ही कोण गं?"

"माझ्या गोष्टीतली आहे, अगाय. घोडे राखते."

"घोडे राखते? मला वाटलं, लग्नाला निघालीय. बूट बघ हिचे! चिखल कधी बघितलाय का त्यांनी?"

रांगेतली बाई फिसकन हसली. उमसुनाईचे कान तापले. पण म्हातारा कागद काही सोडीना.

"मान मात्र जमलीय," तो म्हणाला. "मान तू बघून काढलीस, बाकीची पोरगी मनानं. रविवारी घरी ये."

त्या हिवाळ्यात ती एकही रविवार चुकली नाही. चौथ्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीत स्टोव्हजवळ बसून दोघं दुधाचा चहा प्यायची, आणि म्हातारा झुराकानची हजेरी घ्यायचा.

"ही उभी कुठंय? दोरीवर वाळत घातल्यासारखी लोंबकळतेय. भार कुठल्या पायावर आहे, ते आधी ठरव."

"हात खिशात का घातलेस? हिला थंडी वाजतेय म्हणून, की तुला हात काढता येत नाहीत म्हणून?"

"येत नाहीत," उमसुनाई म्हणाली.

"मग काढ. शंभर काढ. बाजारात जा, कांदे निवडणाऱ्या बायकांचे बघ."

एकदा त्यानं चित्रातली अख्खी झुराकान शाईनं काळी करायला लावली. "आता नुसत्या सावलीवरून सांग, ही कोण? नाही ना सांगता येत? मग चेहऱ्यावर कितीही पापण्या चिकटव, काय उपयोग?" घरी जाताना कधी ती जिन्यात रडायची. पण बर्फ वितळेपर्यंत झुराकान जमिनीवर उभी राहायला लागली होती, आणि ते उमसुनाईला स्वतःला दिसत होतं. असं सुख तिला आयुष्यात फार वेळा मिळालं नव्हतं.

उन्हाळ्यात म्हाताऱ्याचं बोलणं आखडलं. झुराकानचे डोळे फार मोठे झाले, म्हणायचा. खांदा पडलाय, म्हणायचा. तिला तसं वाटायचं नाही, पण तिचा स्वतःपेक्षा त्याच्यावर विश्वास. तीन कागद तिनं फाडून पुन्हा केले.

सप्टेंबरात राजधानीतल्या, बिश्केकच्या एका प्रकाशनानं मुलांच्या पुस्तकासाठी चित्रं मागवली. उमसुनाईनं महिनाभर खपून एक कागद तयार केला. झुराकाननं दोन्ही हातांनी लगाम धरलाय, बोटांची पेरं थंडीनं फुटलीत. म्हाताऱ्यानं कागद खिडकीशी नेला आणि बराच वेळ धरला.

"चेहरा सुधारलाय," तो म्हणाला. "पण हात पुन्हा खिशात! किती वेळा सांगायचं तुला?"

तिला वाटलं, थट्टा करतोय. हात तर कागदाच्या मधोमध होते. मग तिच्या लक्षात आलं, त्याची नजर कागदावर नव्हतीच, कागदाच्या शेजारी भिंतीवर होती.

"कधीपासून दिसत नाही, अगाय?"

तो खुर्चीत बसला. "मधलं गेलंय. कडेकडेचं दिसतं. मे महिन्यापासून."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. म्हणाले, आहे तेवढं सांभाळा."

"आणि मी तुमच्या सांगण्यावरून तीन कागद फाडले!"

"तू येत होतीस ना," म्हातारा म्हणाला. "सांगितलं असतं तर यायची थांबली असतीस."

फाडलेले कागद चांगले होते की वाईट, ते आता कोण सांगणार होतं? म्हातारा खाली मान घालून बसला होता. मग त्यानंच विचारलं, "हात कसे झालेत?"

"चांगले."

"चांगले म्हणजे? लगाम धरलाय ना? तुझा हात दे इकडे." तिनं दिला. त्यानं तिच्या मुठीत स्वतःच्या पट्ट्याचं टोक घातलं आणि चाचपून तिचा अंगठा वर वळवला. "असा. चित्रात असा आहे?"

"नाही."

"मग कर."

तिनं तिथंच बसून अंगठा बदलला आणि दुसऱ्या दिवशी चित्र आपल्याच हातानं शिक्का मारून पाठवून दिलं. नोव्हेंबरात दोन ओळींचं उत्तर आलं. दुसऱ्या चित्रांची निवड झाली होती, भाग घेतल्याबद्दल आभार होते. तिनं उलट पत्र लिहिलं: निवडू नका, पण कुठं चुकलं तेवढं कळवा. त्याला उत्तर आलं नाही. तिनं आणखी एक लिहिलं. त्यालाही नाही.

डिसेंबरात म्हाताऱ्याची मुलगी येऊन त्याला ओश शहरात आपल्या घरी घेऊन गेली. उमसुनाईनं हिवाळाभर एकटीनं चित्रं काढून बघितली. कागद पुरा झाला की ती समोर धरून बसायची. चुका असणारच, पण कुठल्या? एक सुधारावी तर दुसरी बिघडल्यासारखी वाटायची. आपणच आपल्याला विचारायचं आणि आपणच उत्तर द्यायचं, याचा तिला कंटाळा येत गेला. मार्चपर्यंत तिनं काढणं सोडलं. शेजारच्या खिडकीवरच्या बाईनं विचारलं, "काय गं, तुझी ती घोडेवाली कुठं गेली?" तर उमसुनाई म्हणाली, "काम वाढलंय हल्ली." काम वाढलेलं नव्हतं.

असनकुल अजून रविवारी ओशहून फोन करतो. हवा कशी आहे, गुडघे कसे आहेत, मुलीच्या घरी जेवायला काय होतं, असं बोलणं होतं. चित्राचा विषय आधी कुणी टाळला, ते आता दोघांनाही आठवत नाही.