तिसऱ्या ऑपरेशननंतर

फरशीवाल्याची लेक तिसऱ्यांदा ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आली, तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, नुसतं कण्हणं चालू होतं. पस्तिशीची बाई, बेकरीची व्हॅन चालवणारी, कुणाच्या बापाला न भिणारी. एका सकाळी पावाचे क्रेट उतरवताना पाठीतून जी वीज गेली, ती घराची घडी विसकटूनच गेली. पहिल्या ऑपरेशनात मणक्यांमधली सरकलेली गादी काढली. दुसऱ्यात स्क्रू घातले. ते सैल झाले म्हणून आता ते काढून लांब सळई बसवली. आई कधीच गेलेली. नवरा मधल्या काळात “जरा मोकळा होऊन येतो” म्हणून गेला, तो मोकळाच झाला. राहता राहिला बाप.

दोन दिवसांनी सर्जननी एक्स-रे उजेडात धरला. “सळई छान बसली आहे.”

“मग दुखतंय कुणाला?” ती म्हणाली.

सर्जन हसले नाहीत, एवढंच बापाला बरं वाटलं. “नस फार दिवस दबलेली होती. ती किती सुधारेल ते आज सांगता येणार नाही.”

कूस बदलताना खांदा आणि कंबर एकदम वळवायची, ओंडका वळवावा तशी, हे नर्सने त्याला शिकवलं. जन्मभर गुडघ्यांवर बसून फरशा बसवलेला माणूस, जड उचलण्याची त्याला काय मातब्बरी! पण लेकीला वळवताना ती किंचाळे. आणि अर्ध्यात सोडून चालत नसे, कारण सोडलं तर जास्तच दुखे.

घरी आणण्याआधी त्याने बाथरूमचा उंबरा फोडून काढला, वॉकर अडायला नको म्हणून. खरी अडचण उंबऱ्याची नव्हतीच. पहिल्याच दिवशी तिला कमोडवरून उठता येईना, आणि हाक मारायला जीभ रेटेना. तो दाराबाहेर उभा.

शेवटी ती म्हणाली, “बाबा, या. पण डोळे मिटा.”

“मिटले.”

“तसेच आलात तर दोघंही आडवे होऊ.”

“मग उघडू?”

तिला हसू आलं, हसण्याने कळ उठली, आणि ती रडायला लागली. त्याने तिला उभं केलं, गाऊन सारखा केला. त्यावर दोघंही पुन्हा कधी बोलले नाहीत.

दुखण्याच्या गोळ्या तो शर्टाच्या खिशात ठेवी. एका दुपारी ती म्हणाली, “पाकीट इथे उशाशी ठेवा.”

“मी देतो ना वेळेवर.”

“मी काय कुक्कुलं बाळ आहे? माझी भीती वाटते का तुम्हाला?”

‘छे गं’ असं अगदी ओठांवर आलं होतं त्याच्या. “हो,” तो म्हणाला. “वाटते.”

ती छताकडे बघत म्हणाली, “तुमच्यासाठी जिवंत राहतेय मी. दुसरं काही कारण उरलेलं नाही. कळतं का तुम्हाला?”

कुणी कानाखाली वाजवावी तसं त्याला झालं. तो पलंगाच्या कडेला टेकला. “कळतं. दुसरं सापडेपर्यंत माझ्यासाठी राहा. मला चालेल.”

तिने मान फिरवली. दुसऱ्या दिवशी त्याने हे सगळं डॉक्टरांच्या कानावर घातलं. तिथल्या एक डॉक्टरीणबाई तिच्याशी एकटीशी बराच वेळ बोलल्या, औषधं बदलली, पुन्हा पुन्हा बोलावलं. दुखण्याची धार थोडी बोथट झाली. पण बापाने चुगली केली म्हणून लेकीने अबोला धरला. तो निमूटपणे ताट ठेवी, निमूटपणे उचली. मरणापेक्षा अबोला परवडला, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

काही महिन्यांनी सर्जननी तिला पुन्हा तपासलं. दबलेल्या नसेमुळे पायात होणारी आग कमी झाली होती. पाठ मात्र दुखतच राहणार होती. “पुन्हा उघडून बघता येईल,” ते म्हणाले, “पण खात्री देत नाही.”

बापाचा जीव हो म्हणायला टपलेला होता. त्याने लेकीकडे पाहिलं.

“नको,” ती म्हणाली. “आणि बाबा, तुम्ही मला गळ घालायची नाही.”

त्याने फाइल मिटली.

बाहेरच्या लांबलचक बोळकंडीतून ती काठी टेकत निघाली. तो मागोमाग, हात पुढे धरून.

“पुढे चला हो,” ती वैतागली. “मागे कुणी असलं की आता पडणार असंच वाटतं.”

तो पुढे झाला. मागे काठी वाजत होती. मधेच थांबली. तोही थांबला, पण वळला नाही. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता, तुटक, दाताखाली दाबलेला.

“चला,” बऱ्याच वेळाने ती म्हणाली.