सिंधूची वीट, कुंभारवाड्याचं माप

मी वीट बोलतेय. पण कालपरवा थापलेली नव्हे. सिंधू नदीच्या काठी, हजारो वर्षांपूर्वी भाजलेली. माझ्या बोलण्यात थोडा तोरा दिसेल. तो सहन करा, मी तो कमावलेला आहे.

आमच्या शहरात धनिकाचं घर असो की सांडपाण्याचं गटार, विटेचं माप एकच. जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. हे कुणी ठरवलं, त्याचा वाडा कुठं होता, मी पाहिलं नाही; पण त्याचा हुकूम माझ्या अंगात होता. मी ओली असताना घडवणाऱ्यानं माझ्या पाठीवर एक मासा आणि तीन रेघा ओढल्या. का, ते मला सांगितलं नाही. मग एका न्हाणीच्या गटाराला मला बसवलं आणि मी पाण्याला इकडंतिकडं जाऊ दिलं नाही. पुढं माणसं निघून गेली, माझ्यावर माती चढली.

ती उकरली तेव्हा तिथं कारवारच्या डोंगरातल्या सुप्याकडचा परशुराम होता, एका साहेबाचे तंबू सांभाळायला आलेला. सिंध आणि सुपा तेव्हा एकाच मुंबई इलाख्यात. मोजून बाजूला टाकलेल्या विटांतून त्यानं मला साहेबाला विचारून घेतलं. आगबोटीनं कारवार, तिथून बैलगाडीनं त्याचं गाव, कुंभारवाडा. एवढा प्रवास केलेली दुसरी वीट दाखवा.

त्यानं मला उगाच आणलं नव्हतं. गावात तंटा होता. पावसाळ्यानंतरचं वायंगणी भात गावच्या ओढ्याच्या, व्हाळाच्या, पाण्यावर पिके. पाट जिथं फुटतो, तिथं गावाच्या वरच्या वाड्यासाठी एक तोंड ठेवत. गावच्या बुधवंताच्या, म्हणजे पुढाऱ्याच्या, पावलाच्या लांबीएवढं रुंद. उरलेलं पाणी खालच्या वाड्याला. जुन्या बुधवंताचं पाऊल नाजूक, म्हणून सगळे सुखी होते. तो वारला, कान्हू आला, आणि कान्हूचं पाऊल म्हणजे फावडं. खालच्या वाड्यातल्या येसूचं एकुलतं शेत अगदी शेवटाला. तिचं भात दाणा भरायच्या आतच पिवळं पडलं.

गाव जिथं अनवाणी बसून न्याय करतं, त्या मांडावर परशुरामानं मला मधोमध ठेवलं. माणसागणिक पाऊल बदलतं, वीट बदलत नाही, तेव्हा तोंड हिच्या लांबीचं ठेवा, असं त्याचं म्हणणं. माना डोलल्या. मी तर फुगून गेले.

तेवढ्यात कान्हूची नजर माझ्या पाठीवर गेली. गावात एकाला मराठी वाचता येई, एकाला कानडी. दोघांनी हात टेकले.

“माणसाचं लिवणं माणसाला वाचता येतंय,” कान्हू म्हणाला. “हे देवाचं हाय.”

त्याच्या मनात पाप नव्हतं. डोळे खरंच भरून आले होते. मला झाडाखाली बसवून शेंदूर फासला. आता देवाला चिखलात कोण नेणार? तोंड पुन्हा कान्हूच्या पावलाचंच राहिलं.

देवपण वाईट नसतं. नारळ, अबोलीची फुलं, वाकलेली डोकी. पण शेंदराच्या थरांनी माझ्या कडा बुजू लागल्या. ज्या मापाचा मला अभिमान, तेच बेढब होत चाललं. पुढच्या वायंगणाला येसू रोज येऊन माझ्यापुढं हात जोडी. तिच्या शेताला भेगा पडत होत्या आणि मला तिला सांगता येत नव्हतं की बाई, मला उचल.

शेवटी तिनंच ओळखलं. मांड भरला होता. ती भांडली नाही, नुसती उभी राहिली.

“कान्हू अण्णा, आपल्या देवास्नी वर्साला व्हाळावर न्हायला नेतो. ह्यो देव आल्यापास्नं पारोसा हाय.”

देव पारोसा ठेवल्याचा दोष बुधवंताच्या माथी. कान्हूनं मला स्वतः डोक्यावर घेतलं, पुढं ढोल लागला, मागं अख्खं गाव. न्हाऊ घालायची जागा येसूनं दाखवली: पाट फुटतो तेच तोंड.

कान्हूनं मला पाण्यात आडवं ठेवून चोळलं. शेंदूर वाहून गेला, कडा मोकळ्या झाल्या. किती युगांनी माझ्या अंगावरून पाणी धावलं! देव म्हणून मिळालेलं सगळं मी त्या क्षणावरून ओवाळून टाकलं.

कान्हूचं पाऊल माझ्या शेजारीच होतं. माझ्याहून दोन बोटं पुढं गेलेलं. तो खाली मान घालून बघत राहिला.

“देवाला हितं बरं वाटतंय,” येसू हळूच म्हणाली.

“व्हय,” कान्हू म्हणाला. “उचलू नगा त्याला.”

मग त्यानंच दगड आणून माझ्या दोन्ही टोकांना भिडवले, तोंड माझ्या लांबीएवढं केलं. दोन बोटांची फट मातीनं लिंपली. तेवढं पाणी वळून खाली गेलं, शेवटच्या शेतापर्यंत. भात तयार झाल्यावर येसूनं पहिली लोंबी माझ्यावर ठेवली.

मी अजून तिथंच आहे. मासा आणि तीन रेघा पाण्याखाली आहेत. वाचणारा येईल तेव्हा येवो. बाबांनो, एवढंच करा, पाट सोडण्याआधी माझ्या कडांवरचं शेवाळ खरवडत जा. कान्हूनंतरही बुधवंत झाले. जो येतो, तो आपलं पाऊल माझ्याशेजारी ठेवून पाहतो, आणि मुकाट मागं घेतो.