तपासणीचा तास

विभागप्रमुखांना मुलं पाठीमागे दीपस्तंभ म्हणत. उजेड पाडतात म्हणून नव्हे, जागचे हलत नाहीत म्हणून. पहिल्या वर्षाचा विषय कागदोपत्री त्यांचा. शिकवायची मात्र त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी मुलगी, तिला सगळे धाकट्या मॅडम म्हणायचे. शिकवणार ती, पेपर तपासणार ती, गुणांखाली सही तेवढी दीपस्तंभांची. उंटावरून शेळ्या हाकायला निदान उंटावर चढावं तरी लागतं. यांना तेवढेही कष्ट नव्हते.

या कामाबद्दल तिला मिळायचं ते मानधन. पगार म्हणायचं नाही, कारण पगार नोकरांना असतो आणि धाकट्या मॅडम पडल्या 'ज्ञानयज्ञातल्या सहप्रवासी'. यज्ञात प्रवास कुठून आला हे विचारायची विभागात पद्धत नव्हती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

"मानधन म्हणजे काय गं?" तिची वहिनी विचारायची. ती दादा-वहिनीकडे राहायची आणि वहिनी हॉस्पिटलात नर्स होती. "मान खाली घालून मागायचं ते धन?"

ती हसण्यावारी न्यायची. मान खाली घालायला कारण होतं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तिने गेल्या सत्रातच सरांच्या हाती दिलं होतं, आणि ते त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात पडून होतं. सत्र संपायच्या आत त्यांनी वाचून सही केली नाही, तर तिची नोंदणी रद्द होणार होती. सगळ्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती, तीही एका खणापायी.

त्यात या महिन्याचं मानधन हातात आलं ते निम्म्याहून कमी. ती हिशेबनीसाच्या खिडकीशी गेली.

"आठवड्याला दहा तास ठरले होते. तुम्ही चारच धरलेत."

"वर्गात चारच घेतलेत ना, मॅडम?"

"बाकीच्या वेळात पेपर तपासले. दहाच्याही वर गेले."

"तपासणी म्हणजे तास नाही." हिशेबनीस म्हणाला. "तासाला समोर विद्यार्थी हवेत. तसा नियमच आहे."

माणूस वाईट नव्हता. नियमात बसवून दिलं तर त्याने हत्तीलाही प्रवासभत्ता दिला असता. ती तशीच दीपस्तंभांच्या खोलीत गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्याचं नुकसान ते नेहमीच शांतपणे ऐकत.

"अगं, ज्ञानाच्या क्षेत्रात तास मोजत नसतात," ते म्हणाले. एवढ्यात घंटा झाली आणि त्यांनी पिशवी उचलली. घंटेनंतर ते खोलीत थांबल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

"सर, माझं प्रकरण..."

"वेळ कुठे मिळतो, तूच सांग," असं म्हणत त्यांनी सत्रपरीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा तिच्या हातात ठेवला. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय.

घरी येऊन तिने तो गठ्ठा दिवाणावर आपटला. तिला रडूही येत होतं आणि रडण्याचा रागही येत होता. वहिनी युनिफॉर्मला इस्त्री करत होती. तिने सगळं ऐकलं आणि फसकन हसली.

"समोर विद्यार्थी हवेत म्हणतो ना तो? मग पोरांना समोर बसवूनच तपास की. हाय काय अन् नाय काय."

वहिनी थट्टेनेच बोलली होती. पण धाकट्या मॅडमनी डोळे पुसले आणि गठ्ठा पुन्हा पिशवीत भरला.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: 'तपासणीचा तास. आपला पेपर आपल्या डोळ्यांदेखत तपासून घ्यायचा असेल त्यांनी यावे. हजेरी घेतली जाईल.' आधी चार-दोन मुलं आली, तीही गंमत म्हणून. मग वर्ग भरायला लागला. गुण कुठे गेले हे आजवर त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ती एकेकाला जवळ बसवून ओळ न् ओळ वाचायची, चूक दाखवायची, कधी स्वतःची कबूल करून अर्धा गुण वाढवायची. मुलं भांडायची, तिलाही मजा यायची.

मग गाडी सातव्या प्रश्नाशी आली.

"मॅडम," मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "'खालील तक्त्याच्या आधारे' म्हटलंय. पण खाली तक्ता कुठाय?"

खाली तक्ता नव्हताच. दीपस्तंभांनी प्रश्न जुन्या पेपरातून उचलला होता आणि तक्ता तिथेच राहिला होता. धाकट्या मॅडमनी हे त्यांच्या कानावर घातलं होतं. 'हुशार मुलं समजून घेतात,' असं उत्तर मिळालं होतं. मुलं हुशार निघाली. त्यांनी गेल्या वर्षीच्या मुलांना विचारलं, त्यांनी त्याआधीच्यांना. तो तक्ता कुणालाच भेटला नव्हता, गुण मात्र सगळ्यांचे गेले होते.

बोलावणं यायला उशीर झाला नाही. ती खोलीत शिरली तेव्हा हिशेबनीस सह्यांसाठी कागद घेऊन टेबलाशी उभा होता.

"हा काय बाजार मांडलायस तू?" दीपस्तंभ म्हणाले.

"तास घेतेय, सर."

"पेपर तपासायचा कधी तास असतो का?"

"समोर विद्यार्थी होते, सर," हिशेबनीस मध्येच म्हणाला. "हजेरी आहे. तास धरावेच लागतील."

दीपस्तंभांनी दोघांकडे पाहिलं. वाद वाढवला तर तक्त्याचं नाव निघणार हे कळण्याइतके ते नक्कीच विद्वान होते. त्यांनी तासांच्या कागदावर सही केली.

"झालं समाधान? ये आता."

ती गेली नाही. खुर्ची ओढून त्यांच्या पुढ्यात बसली.

"आता काय?"

"माझं प्रकरण, सर."

"सांगितलं ना, वेळ..."

"म्हणून तर समोर बसले. मीही तुमची विद्यार्थीच आहे. समोर विद्यार्थी असला की तास होतो."

दीपस्तंभांनी आधारासाठी हिशेबनीसाकडे पाहिलं. त्याने क्षणभर विचार केला. "नियमाने होतो, सर," तो म्हणाला.

खालचा खण कुरकुरत उघडला. प्रकरणाच्या पहिल्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग होता, बाकीची पानं कोरी करकरीत. एवढा काळ ती ज्याची वाट पाहत होती, त्याचा यांनी कपाखाली ठेवायला उपयोग केला होता. दीपस्तंभांनी चष्मा चढवला आणि नाइलाजाने वाचायला सुरुवात केली.

दोन-तीन पानं झाली असतील, तोच घंटा झाली. सवयीने त्यांचा हात पिशवीकडे गेला. तिने आपलं लाल पेन त्यांच्यापुढे सरकवलं.

"ज्ञानाच्या क्षेत्रात तास मोजत नसतात, सर," ती म्हणाली.

त्यांनी पान उलटलं.