साक्रीच्या बाजारात वाचलेली पावती

द्रौपदाबाई साक्रीच्या शाळेत बावीस वर्षं शिकवत होत्या. १९९४ साली त्यांच्याच गल्लीतल्या अभिमनने त्यांना सागवान लागवडीच्या योजनेत पैसे गुंतवायला लावलं. अभिमन त्यांचा जुना विद्यार्थी. त्याने छापील पावती दिली, धुळ्याचं ऑफिसही दाखवून आणलं. मुलीच्या नर्सिंगसाठी साठवलेली रक्कम बाईंनी भरली. आठ महिन्यांनी ऑफिसला कुलूप लागलं आणि अभिमन नाहीसा झाला.

"वहिनी, कुठे बोलू नका," दीर लोटनभाऊ म्हणाले. "मास्तरीण असून फसली म्हणतील. समाजात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"तोंड त्याने लपवायचं की मी?" बाई म्हणाल्या आणि तडक पोलीस ठाण्यात गेल्या.

हवालदारांनी अर्ज घेतला. "फसलेले आणखी कोणी असतील तर आणा. केसला जोर येईल."

आठवडी बाजाराच्या दिवशी बाई मिरचीच्या ढिगांमध्ये उभ्या राहिल्या आणि पावती उंच धरून वर्गात वाचावी तशी खणखणीत वाचली. नाव, तारीख, शिक्का, सगळं. कोणीतरी हसलं. "बाई, लोभ नडला!"

"बँकेपेक्षा थोडं जास्त मिळणार होतं, भाऊ. मी विश्वास ठेवला. विश्वास ठेवणं गुन्हा नाही, तो मोडणं गुन्हा आहे. आणखी कोणाकडे अशी पावती आहे?"

मग भाजीवाल्या झुंबरबाईने कमरेच्या पिशवीतून चुरगळलेला कागद काढला. "मनाकडे बी शे, बाई. घरमा कोणले सांगेल नही."

संध्याकाळपर्यंत एकतीस पावत्या जमल्या. पावत्या आणणाऱ्यांत एक निवृत्त तलाठी होते, एक कंपाउंडरही होता.

महिन्याभराने, झुंबरबाई आणि तलाठी बाईंकडे बसलेले असताना, सफारी घातलेला एक माणूस दारी आला. म्हणाला, "मुंबईहून आलोय. प्रत्येकी पाचशे भरा, अडकलेली रक्कम सोडवून देतो."

झुंबरबाईने बाईंना आत नेलं आणि कमरेची पिशवी चाचपली. "दी टाकूत का, बाई?"

"एकदा फसलेला माणूस पुन्हा फसत नाही, असं नसतं, झुंबरबाई. उलट, घायकुतीला आलेला माणूस हे लोक हेरतात." बाईंनी त्याला चहा दिला, बोलण्यात गुंतवलं आणि तलाठ्यांना ठाण्यात पाठवलं. चहा संपायच्या आत हवालदार दारात होते.

अभिमन पुढे सुरतेत सापडला. पैशांचा मात्र जेमतेम चौथा हिस्सा परत आला. मुलीचं शिक्षण दोन वर्षं लांबलं, पण झालं.

धुळ्याच्या कोर्टात आरोपीच्या वकिलांनी विचारलं, "इतक्या शिकलेल्या तुम्ही, बाई. फसलात कशा?"

बाईंनी पदर खोचला. "कसं फसवलं, ते तुमच्या अशिलाला विचारा. मी फसले, हे मी भर बाजारात सांगितलंय. त्याने काय केलं, ते त्याला इथे तरी सांगू द्या."

मागच्या बाकावरून झुंबरबाई जोरात म्हणाली, "बरोबर शे!" शिपायाने तिला गप्प बसायला सांगितलं. ती बसली नाही.