तांब्याभर खोटा पाऊस

मित्रांनो, मी एक जुना पर्जन्यमापक आहे. पण एवढं जड नाव चारठाण्यात घेतंय कोण! इथं मी 'पावसाचा डबा'. डोक्यावर पितळेची कड, आत नरसाळं, पोटात बाटली. एवढाच माझा संसार.

पुण्याच्या कारखान्यातून आलो तेव्हा माझा थाट काय सांगावा! नारळ फुटला, फोटो निघाला. एक साहेब भाषणात म्हणाले, "ढगांना सरहद्द नसते. एकमेकांशी न बोलणारे देशसुद्धा पावसाचे आकडे एकमेकांना देतात. सगळ्यांच्या आकड्यांतून उद्याचा अंदाज निघतो. त्यात आता चारठाण्याचाही आकडा असेल." माझी छाती अशी फुगली! आता कुंपण मोडलंय, शेळ्या अंग घासून जातात, नरसाळ्यात बाभळीचा पाला अडकतो. थकलो बाबांनो. तरी दत्तराव कोतवाल रोज सकाळी येतात, बाटलीतलं पाणी मोजतात आणि आकडा फोनवरून कळवतात.

यंदा पेरणी झाली आणि पावसानं दडी मारली. रोज शून्य, रोज शून्य! शेजारच्या शेतातल्या धुरपताबाईंचं सोयाबीन माना टाकू लागलं. विहिरीत पीक एकदाच भिजेल एवढं पाणी. ते आज द्यावं की पावसाची वाट बघावी, हे काही ठरेना. म्हणून त्या रोज दत्तरावांना अंदाज विचारायच्या.

एका सकाळी दत्तराव बघतात तर माझी बाटली भरलेली! भोवतालची माती मात्र कोरडी ठाक. शेजारी धुरपताबाई रिकामा तांब्या घेऊन उभ्या.

"म्या वतलं. देव पाण्यात ठिवून झाला. म्हटलं, ह्याचंच पोट रिकामं हाय म्हणून पाऊस येईना."

दत्तरावांनी कपाळाला हात लावला. "अवो मावशी, ह्ये कळवलं तर साऱ्या दुनियेला वाटंल, इथं पाऊस झाला. मग तुमाला तरी अंदाज खरा कसा मिळंल?"

धुरपताबाईंचा चेहरा उतरला. "लय चुकलं बाबा. कोरडं हाय म्हणूनच सांगा."

दत्तरावांनी शून्य कळवलं. दुसऱ्या दिवशी अंदाज आला, आठवडाभर पाऊस नाही. धुरपताबाईंनी लगेच मोटर सुरू केली. विहीर तळाला गेली, पण सोयाबीन तगलं.

मित्रांनो, रिकामं राहून राहून मी कंटाळलोय. त्या पाण्यानं मला गार वाटलं, खोटं कशाला बोलू! पण माझी दया येऊन माझं पोट भरू नका. मी कोरडा असेन, तर जगाला कोरडाच सांगा.