पडद्यावरचा लाल गोल आणि पहिला नंबर

मी एक लाल गोल बोलतोय. खरा दिवा नव्हे, संगणकाच्या पडद्यावर काढलेला. अकोल्यात ट्रक चालवायला शिकवणारी एक संस्था आहे, तिथल्या परीक्षेच्या खोलीत माझा मुक्काम. मी हिरवा झालो की समोरच्याने बटन दाबायचं. असं पाच वेळा. एकदा जरी उशीर झाला तरी नापास.

मला घडवलं अमरावतीच्या मोहसीनने. पहिल्या जन्मी मी नेटिव्ह कोडमध्ये होतो, म्हणजे थेट यंत्राच्या बोलीत. हुकूम सुटला की मी हिरवा. तापट मात्र भारी. जरा बिनसलं की अख्खा संगणक बंद पाडायचो. २००७ साली मोहसीनने मला मॅनेज्ड कोडमध्ये पुन्हा लिहिलं. आता माझ्या आणि यंत्राच्या मधे एक दुभाषी बसला. तो मला सांभाळी, पडू देत नसे. माझं रूपही देखणं झालं. खोट एकच. कुठलंही काम पहिल्यांदा निघालं की तो ते आधी यंत्राच्या बोलीत उतरवत बसे. मोहसीनच्या नव्या संगणकावर हे कुणाला कळलंच नाही. इथल्या म्हाताऱ्या यंत्रावर मात्र घड्याळ सुरू व्हायचं आणि मी आपला लालच. एकदा उतरवून झालं की पुढे दिवसभर बिनघोर; रात्री संगणक बंद झाला की तो सगळं विसरे.

त्यामुळे रोज सकाळी पहिला नंबर नापास.

त्या वर्षांत कापूस सोडून स्टिअरिंगकडे वळलेली पोरं रांगा लावून यायची. त्यांना दुभाष्याचं काय ठाऊक! "पयल्या नंबराले पनवती हाय," असं ठरून गेलं. मग दाराशी जो तो दुसऱ्याला पुढे ढकलायचा. कारण साफ चुकलेलं, पण पहिलाच नंबर अडतो हे पकडलं होतं अगदी बरोबर. मला गंमत वाटे.

एक दिवस पातूरहून धर्मेंद्र आला. काळी-पिवळी टॅक्सी चालवून हात तयार झालेला. इथे पास झाला तर एका ट्रान्स्पोर्ट कंपनीत कायमची नोकरी होती.

"पनवती-फनवती काई नसते. मी बसतो," म्हणत तो पहिला बसला. आणि नापास झाला.

संगणक सांभाळणाऱ्या नसीमबानोने निकाल पाहिला. "चार वेळा इतके फास्ट, मंग पयल्यांदाच हात काहून अडला तुमचा?"

"हात नाई अडला, मॅडम. हिरवा दिसला तसा दाबला म्या."

मागचे फिदीफिदी हसले. तो मान खाली घालून निघून गेला. मला त्याचं वाईट वाटलं.

त्याचं बोलणं नसीमबानोच्या मनात राहिलं. दुसऱ्या सकाळी रांग आत घेण्याआधी ती स्वतःच बसली. नापास. लगेच पुन्हा बसली, तर पास. तिने मोहसीनला फोन लावला. "तुमचा गोल सकाळी झोपेत असते. एकडाव येऊन पाहा."

मोहसीन आला, स्वतः बसला आणि ओशाळला. त्याने तोड काढली. सकाळी संगणक लागला की समोर कोणी नसताना मी एकदा हिरवा होऊन घ्यायचं, आणि घड्याळही मी पडद्यावर हिरवा उमटल्यावरच सुरू व्हायचं.

धर्मेंद्रला परत बोलावलं. कंपनीने बजावलं होतं, ही शेवटची संधी. नसीमबानो म्हणाली, "तिसऱ्या-चौथ्या नंबरावर बसा ना भाऊ. उगाच जोखीम कायले?"

"दुरुस्त झालं ना? मंग पयलाच." त्याने खुर्ची पुढे ओढली.

पाचही वेळा मी वेळेवर हिरवा झालो, त्यानेही वेळेवर बटन दाबलं. नोकरी लागली.

बाहेर पोरांनी त्याची पाठ थोपटली. "नशीबवान हायस लेका, पनवती उतरली तुयी!"

"नशीब नाई रे, कोड बदलला!" तो ओरडून सांगत होता. ऐकतंय कोण?

तो आता लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवतो, म्हणे. मी इथेच आहे, धडधाकट. दुभाषीही आहे, आमचं छान जमतं. पण दाराशी रोज तीच ढकलाढकली चालते. शेवटी जो सगळ्यात नवखा, त्याला धरून पहिल्या खुर्चीवर बसवतात. बिचारा घामाघूम झालेला असतो. मी वेळेवर हिरवा होतो, आणि भीतीने त्याचा हात खरोखरच अडतो. निकाल पुन्हा तोच.

माझा आवाज पडद्याबाहेर जात नाही. तुम्ही तरी त्याच्या कानात सांगा, की खोट आता माझ्यात उरलेली नाही.