मेहुण्यासाठी निवडलेला कोर्स

आमच्या कारखान्यातल्या बॉयलरची दर वर्षी तपासणी होते. बाहेरचा तपासनीस येण्याआधी बॉयलर थंड करून आम्ही आत शिरतो आणि हातोडीने पत्रा ठोकून ऐकतो. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर झिजलेला. झिजलेल्या जागी खडूने गोल काढायचा. छत्तीस वर्षं ते गोल मीच काढत आलो.

यंदा साहेब म्हणाले, "आपल्या घरचा तपासनीस हवा. नियमांचं पुस्तक शिकून आलेला, रजिस्टरवर सही करणारा." आणि माझ्या मेहुण्याचं नाव घेतलं. बायकोचा धाकटा भाऊ, त्याला इथे चिकटवला मीच. मला जाता येत नव्हतं. कोर्सला दहावी लागते, आणि मी अक्षरं गिरवली ती चाळिशी उलटल्यावर, लेकीच्या पहिलीच्या पुस्तकात.

"कोर्स मात्र तुम्ही निवडा," साहेब म्हणाले. "बॉयलर तुमच्याइतका कोणाला कळतो?"

दोन माहितीपत्रकं होती. ओळीखाली बोट धरून मी ती दोन दिवस वाचली. एक कोर्स नव्या टाक्या बनताना तपासायचा. दुसरा चालत्या बॉयलरचा: गंज, तडे, झीज. आम्हाला दुसराच हवा होता.

पण घरी बायकोचे पाय जमिनीवर नव्हते. "माझा भाऊ सही करणार!" शेजारणीला तिसऱ्यांदा सांगून झालं. माझ्या ताटात भाजी वाढायची राहिली ती राहिलीच.

मी पहिल्या पत्रकावर बोट ठेवलं. "हा कर. पाया पक्का होतो."

मेहुण्याने दोन्ही पत्रकं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी म्हणतील तो."

तीन आठवड्यांनी तो प्रमाणपत्र घेऊन आला. बॉयलर थंड झाला, आम्ही दोघं आत शिरलो. साहेबांनी बॉयलरच्या तोंडाशी वाकून मेहुण्याला विचारलं, "हा पत्रा अजून किती वर्षं काढेल?"

"हे आमच्या कोर्समध्ये नव्हतं, साहेब."

"मग शिकलास काय, टोपी घालायला? सहीसाठी दुसरा माणूस बघतो मी."

मला बरं वाटलं. एक श्वासभर. आत आम्ही दोघंच गुडघ्यांवर बसलो होतो, बॅटरी त्याच्या हातात.

तो हळूच म्हणाला, "पत्रकं मीही वाचली होती, भाऊजी."

"मग तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

"बोललो असतो तर तुम्ही वर्षभर माझ्या घरी पाणी प्यायला नसता. म्हटलं, उरलेलं तुमच्याकडून शिकू."

मी बाहेर डोकं काढलं. "साहेब, चूक माझी आहे. चुकीचा कोर्स मी निवडला, कळून सवरून. याला दुसऱ्या कोर्सलाही पाठवा. सही हाच करेल."

साहेबांनी हातातलं रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "पाठवतो. तुमच्याशी नंतर बोलतो."

मी परत आत वळलो आणि हातोडी मेहुण्याला दिली. "ठोक. आणि कान दे."

त्याने सात-आठ ठोके मारले. मग थांबला. "इथे बद्द वाजतंय."

बरोबर होतं. मला ते ऐकू यायला तीन वर्षं लागली होती. हातोडी परत घ्यावीशी वाटली. तरी मी खिशातला खडू त्याच्यापुढे धरला.

त्याने गोल काढला. माझ्यापेक्षा गोल.